कॉन्झर्व्हेटरीच्या काचांना घाम सुटतो, तो कुठल्या पाण्याचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. इंग्लंडमधलं घर. स्वयंपाकघराला लागून मागच्या अंगाला 4 बाय 3 मीटरची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली. वीसएक वर्षांपूर्वीची दुहेरी काच, वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पोकळ नळ्यांच्या कडक प्लास्टिकचं, छत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज सकाळी काचा आतून निथळतात, खालच्या पट्टीवर पाणी साचतं आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरली आहे. संध्याकाळी दोन तास 2 किलोवॅटचा फॅन हीटर लावता. तेवढा वेळ छान वाटतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उलट जास्तच. कपडे वाळवायला दुसरी जागा नाही म्हणून स्टँड तिथेच असतो. स्वयंपाकघराचं दार दिवसरात्र उघडं असतं, ‘घरातली थोडी ऊब तिकडे जावी म्हणून’. आणि शेवटी विचारलंय की कुठला हीटर घ्यावा.

हीटरचं सांगतोच. पण तुमच्या प्रश्नात माझं लक्ष गेलं ते दाराच्या वाक्याकडे. अठरा वर्षं मी अशा काचेच्या खोल्या बांधतोय, त्याहून जास्त दुरुस्त करतोय. हिवाळ्यात ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बहुतेक ठिकाणी हीच गोष्ट दिसते: खोली थंड आहे आणि तिला पाणी घरातून मिळतंय. ते पाणी तुम्ही स्वतः, चांगल्या हेतूने, उघड्या दारातून आणि कपड्यांच्या स्टँडवरून तिथे पोचवताय. तेवढं थांबवलं की उरलेलं काम निम्म्याहून हलकं होतं.

हे नुसतं माझ्या शब्दावर घेऊ नका, हिशोब सांगतो. हवा जितकी गरम तितकी ती जास्त बाष्प धरून ठेवू शकते. 20 अंशांची हवा एका घनमीटरमागे जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास पाणी धरते, 10 अंशांची 9 ते साडेनऊ ग्रॅम, आणि 4 अंशांची जेमतेम साडेसहा. तुमचं स्वयंपाकघर संध्याकाळी 20 अंशांवर आणि 60 टक्के आर्द्रतेवर असेल, तर तिथल्या प्रत्येक घनमीटरमध्ये 10 ग्रॅमहून थोडं जास्त पाणी आहे. ही हवा 12 अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागाला टेकली की पाणी सोडायला लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आता रात्री तापवल्याशिवाय पडलेल्या तुमच्या खोलीतली काच 4 अंशांवर असते. तिथे पोचलेल्या घरातल्या प्रत्येक घनमीटर हवेने 4 ग्रॅमच्या आसपास पाणी काचेवर ठेवलंच म्हणून समजा. तुमच्या खोलीचं घनफळ साधारण 30 घनमीटर. म्हणजे खोलीतली हवा एकदा बदलली की अर्धा पेला पाणी, आणि उघड्या दारातून ती रात्रभरात कितीतरी वेळा बदलते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक उदबत्ती लावा. रात्री दार उघडं ठेवून ती आधी चौकटीच्या वरच्या कडेजवळ धरा, मग खाली उंबऱ्याजवळ. वर धूर सरळ कॉन्झर्व्हेटरीत ओढला जाईल, खाली तोच धूर स्वयंपाकघरात तुमच्या घोट्यांवर येईल. वरून घरातली गरम, दमट हवा बाहेर जातेय आणि खालून गार हवा आत येतेय. मी लोकांना त्यांच्याच घरात हे दाखवतो, कारण एकदा तो धूर वाकताना पाहिला की दार बंद ठेवायला पुन्हा सांगावं लागत नाही.

आता तुमचा फॅन हीटर परिस्थिती का बिघडवतो ते याच हिशोबातून कळेल. दोन तासांत हवा गरम होते. ती कपड्यांतलं, कुंड्यांतलं, सकाळी न पुसलेलं खालच्या पट्टीवरचं, सगळं पाणी उचलून घेते. हीटर बंद केला की काच तासाभरात गार पडते, कारण काचेत उष्णता साठत नाही. हवेने उचललेलं पाणी परत काचेवर येतं. रात्रीचं पाणी दिवसा उन्हाने किंवा संध्याकाळी हीटरने उडतं आणि रात्री परत बसतं. तेच पाणी आतल्या आत फिरत राहतं. म्हणून सकाळी काच पुसा, पण फडकं बाहेर किंवा मोरीत पिळा आणि घराबाहेर वाळवा. पुसलेलं फडकं त्याच खोलीत वाळत घातलं तर काच पुसून काहीच मिळालं नाही.

पुढे जाण्याआधी एक खात्री करून घ्या: पाणी नेमकं कुठे आहे. काचेवर बोट फिरवा. आतून ओघळ उमटला तर आपण बोलतोय तोच प्रकार आहे. बाहेरून ओलं असेल आणि आतून कोरडं, तर काळजीचं काही नाही. चांगल्या काचेतून घराची उष्णता बाहेर जात नाही, त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग पहाटे गार राहतो आणि त्यावर दव पडतं. नवीन काच बसवल्यावर घाबरून फोन करणारे अनेक असतात, त्यांना मी हेच सांगतो. पण बोट दोन्ही बाजूंनी फिरवूनही धुकं तिथेच राहिलं, तर पाणी दोन काचांच्या मध्ये आहे. म्हणजे कडेचं सील गेलं. त्याला ना हीटर उपयोगी, ना डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र). तेवढी काचेची जोडी बदलावी लागते. पूर्ण चौकट बदलायची गरज नसते, कोणी तसं सांगितलं तर दुसऱ्याला विचारा.

छताच्या पट्ट्यांवरून ठिबकत असेल तर गळती आणि घाम यांतला फरकही ओळखावा लागतो. मी घरमालकांना दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायला सांगतो: रात्री पाऊस होता का, आकाश निरभ्र होतं का, आणि सकाळी कुठे ओलं होतं. कोरड्या, चांदणं पडलेल्या, कडाक्याच्या रात्रीनंतर छत ओलं असेल तर तो घाम आहे. निरभ्र रात्री छत आपली उष्णता आकाशाकडे फेकतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं, म्हणून पहिला थेंब बऱ्याचदा छताखालीच दिसतो. पाऊस पडला की ओलं, एरवी कोरडं, तर मात्र गळती. मग पन्हळ तुंबलीये का, भिंतीला जिथे छत टेकतं तिथली शिशाची पट्टी उचकटलीये का, अॅल्युमिनियमच्या दांड्यांवरची झाकणं सरकलीयेत का, हे बघायचं. आणि खालच्या चौकटीत बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक खाचा असतात, त्या शेवाळाने बुजलेल्या असतात. एक लाकडी काडी घेऊन मोकळ्या करा, पाच मिनिटांचं काम आहे.

फरशीचाही एक प्रश्न उरतो. जमिनीतून ओल येते का हे तपासायला साधारण हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खालच्या अंगाला पाणी जमलं तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या अंगाला जमलं तर हवेतून. बुटक्या भिंतीबाहेर माती किंवा फरसबंदी इतकी वर आणलेली असते की भिंतीतला ओलरोधक थरच झाकला जातो. तेही वाकून बघा.

समजा, ही सगळी तपासणी निर्दोष निघाली आणि पाणी आतूनच आहे. आता तुम्हाला एक गोष्ट ठरवावी लागेल, आणि ती मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही: हिवाळ्यात तुम्हाला ती खोली राहायला हवी आहे, की झाडं, सायकली आणि बूट ठेवायला? दोन्हींची पद्धत वेगळी आहे. न तापवलेली, दार बंद केलेली, झरोके उघडे असलेली खोली चांगली राहते. सतत मंद ऊब असलेली, हवा खेळती असलेली खोलीही चांगली राहते. मधली अवस्था, म्हणजे उघड्या दारातून अर्धवट ऊब आणि पूर्ण दमटपणा, तीच सगळ्यात वाईट, आणि तुम्ही आत्ता तिथे आहात.

खर्चाचा अंदाज देतो म्हणजे ठरवायला सोपं जाईल. तुमच्या वर्णनावरून काच साधारण 21 चौरस मीटर आणि छत 13 चौरस मीटर धरलं. जुन्या दुहेरी काचेतून दर अंश फरकाला चौरस मीटरमागे 2.8 वॅट जातात, तीन पदरी 16 मिलीमीटर पॉलिकार्बोनेटमधून 2.4 च्या आसपास. फरशी आणि फटींमधून जाणारी हवा धरून एकूण सुमारे 108 वॅट दर अंशाला. बाहेर 2 अंश आणि आत 18 ठेवायचे तर 1.7 किलोवॅट सतत लागतात. हिवाळ्यात बाहेर सरासरी साडेपाच अंश धरले तर 18 अंश चोवीस तास राखायला रोज 30 च्या वर युनिट. 12 अंशांवर ठेवायची तर 17 युनिट. 8 अंशांवर, म्हणजे फक्त गारठू नये एवढी, तर साडेसहा. काच आणि छत दोन्ही 1.2 वॅटवाल्या आधुनिक काचेचं असतं तर हे सगळे आकडे निम्म्याच्या जवळ आले असते. यात ऊन धरलेलं नाही. दक्षिणेला तोंड असेल तर स्वच्छ दिवशी दुपारी हीटर आपोआप बंद पडेल. उत्तरेला असेल तर ऊन विसरा. तुमच्या बिलातल्या दराने हे आकडे गुणले की निर्णय बराचसा तिथेच होईल.

अशा काचेचा आतला पृष्ठभाग किती गार असतो तेही सांगतो, कारण घाम त्यावर ठरतो, खोलीच्या तापमानावर नाही. आत 18 आणि बाहेर 2 असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग 6 अंशांच्या आसपास असतो, तुमच्यासारख्या जुन्या दुहेरी काचेचा 12, आणि आधुनिक काचेचा 15 ते साडेपंधरा. म्हणजे तुमच्या काचेवर पाणी येऊ नये असं वाटत असेल तर 18 अंशांच्या खोलीतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या खाली राहायला हवी. काचेच्या मध्यावर तेवढं पुरेल. पण दोन काचांच्या मध्ये कडेने जी अॅल्युमिनियमची पट्टी असते ती आणखी गार असते. तुमच्या काचेकडे सकाळी जवळून बघा: खालच्या कडेला बोटभर रुंदीचा ओला पट्टा असेल, मध्ये कोरडं. बुरशी नेमकी त्या पट्ट्यालगत रबरावर धरते. म्हणून मी 55 टक्क्यांचं लक्ष्य ठेवायला सांगतो. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, शक्यतो दोन, एक स्वयंपाकघरात आणि एक इथे. खरा दाखवतोय का हे तपासायचं असेल तर मीठ पाण्याने नुसतं ओलसर करून झाकणात घ्या, मापकासोबत बंद डब्यात काही तास ठेवा, आकडा 75 च्या जवळ यायला हवा.

आता हवेचं. इथे लोक हमखास अडतात. ‘बाहेर तर 90 टक्के आर्द्रता आहे, खिडकी उघडली तर आणखी ओल येणार नाही का?’ नाही येत. 5 अंशांच्या 90 टक्के आर्द्र हवेत घनमीटरमागे 6 ग्रॅमच पाणी असतं. तीच हवा आत येऊन 18 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास येते. ती कोरडी हवा आहे, आणखी पाणी उचलून घ्यायला मोकळी. इंग्लंडातला हिवाळा बाहेर कितीही ओलसर वाटला तरी बाहेरची हवा तापवल्यावर तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेपेक्षा कोरडीच ठरते. म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडा. छताला झडप असेल तर ती आणि एक खालची खिडकी, याहून चांगलं काही नाही. तेवढ्या वेळात हवा बदलते, पण फरशी आणि भिंती गार पडत नाहीत. एक खिडकी तासन्‌तास किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं. खिडकीच्या चौकटीत वर बारीक झरोके असतील तर ते मात्र कायम उघडे ठेवा. गार वारा लागतो म्हणून टेप लावून बंद केलेले झरोके मी कितीतरी घरांत पाहिलेत, आणि त्याच घरांत बुरशी सगळ्यात जास्त होती.

हीटरवर येऊ. तुम्ही खोलीत राहणार असाल तर थर्मोस्टॅटवाला तेलाचा रेडिएटर किंवा पॅनेल हीटर काचेच्या खाली ठेवा, खोलीच्या मध्यभागी नाही. वर चढणारी गरम हवा काचेवरून जाते आणि काच थोडी तापते. त्याला मंद पण सतत चालू द्या. फक्त दोन तास बसायचं असेल तर इन्फ्रारेड पॅनेल सोयीचं, कारण ते हवा तापवायच्या आधी माणसाला ऊब देतं. पण त्याने काचेचा घाम जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. रोज बसणार असाल आणि खर्च करायची तयारी असेल, तर माझं मत सरळ आहे: भिंतीवर बसणारा स्प्लिट एसी, म्हणजे हवेतून उष्णता ओढणारा हीट पंप. तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब देतो, म्हणजे वरचे 30 युनिट 10-11 वर येतात. उन्हाळ्यात काचघर भट्टी होतं तेव्हा तोच गारवाही देतो.

एका प्रकाराला मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो: गॅस सिलिंडरवर किंवा रॉकेलवर चालणारे, धुराडं नसलेले हीटर. एक लिटर रॉकेल जळलं की सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. एक किलो प्रोपेन जळलं की 1.6 किलो पाणी. काच कोरडी करायला खोलीत पाणी ओतल्यासारखं होतं हे. आणि बंद काचेच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, तो वेगळाच. या बाबतीत मी कोणाचं मन राखत नाही.

सेंट्रल हीटिंगचा एक रेडिएटर तिकडे वाढवावा असंही मनात येईल. थांबा. इंग्लंडमध्ये कॉन्झर्व्हेटरीला बिल्डिंग रेग्युलेशनमधून, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमांतून, सूट मिळते ती काही अटींवर: ती जमिनीच्या पातळीवर आणि 30 चौरस मीटरपेक्षा लहान असावी, घर आणि ती यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचं दार किंवा भिंत असावी, आणि तिची तापवण्याची व्यवस्था स्वतंत्र असावी, तिचं तापमान आणि चालू-बंद वेगळं करता यावं. मधलं दार काढून टाकणं किंवा घराच्या हीटिंगला जोडणं म्हणजे ती सूट गमावणं. त्या नियमामागे हाच विचार आहे की काचेच्या खोलीतून घराची ऊब वाया जाऊ नये. म्हणून दार शाबूत ठेवा, त्याचं रबर सुकलं असेल तर बदला, आणि रात्री ते लावा.

कपड्यांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच मोठं आहे. धुलाई यंत्रातून निघालेल्या एका घाण्याच्या कपड्यांत सुमारे 2 लिटर पाणी असतं. आठवड्यात चार घाणे म्हणजे 8 लिटर, आणि ते सगळं हवेतच जातं. दुसरी जागा नाही असं तुम्ही म्हणताय, म्हणून व्यवहारी मार्ग सांगतो: कपडे तिथेच वाळवा, पण घराकडचं दार बंद करा, डिह्युमिडिफायर लावा, आणि यंत्रात कपडे जास्तीच्या फेऱ्यांनी पिळून काढा.

डिह्युमिडिफायर घेताना एक गोष्ट बघा. कॉम्प्रेसरवर चालणारे 15 अंशांखाली मंदावतात, थंडीत त्यांच्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि ते अर्धा वेळ बर्फ वितळवण्यात घालवतात. तुमची खोली 8-10 अंशांवर असणार, तर शोषक पदार्थाच्या चकतीवर चालणारा प्रकार घ्या. तो 1-2 अंशांतही काम करतो, वीज जास्त खातो, पण ती सगळी वीज शेवटी खोलीला ऊब म्हणूनच मिळते. आर्द्रता 55 वर लावा आणि यंत्र चालू असताना खिडक्या व दार बंद ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेरची हवा सुकवत बसाल. बाजारात मिळणारे क्षाराचे डबे कपाटात ठेवायला ठीक आहेत. ते महिनाभरात काही शे मिलीलिटर पाणी गोळा करतात. तुमची खोली एका रात्रीत तेवढं पाणी करते.

झाडं असतील तर पाणी सकाळी घाला, संध्याकाळी नको. कुंडीत घातलेलं जवळजवळ सगळं पाणी पानांतून आणि मातीतून हवेत येतं. हिवाळ्यात बहुतेक झाडांना तसंही कमी लागतं.

पडद्यांबद्दल एक इशारा. मधाच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे असलेले पडदे ऊब राखतात हे खरं. पण पडदा खाली ओढला की खोलीची ऊब काचेपर्यंत पोचत नाही, काच आणखी गार होते, आणि पडद्यामागून जाणारी दमट हवा तिथे पाणी सोडते. सकाळी पडदा वर केल्यावर काच वाहत असलेली दिसते आणि लोकांना वाटतं पडदा बिघडलाय. पडदा चांगलाच आहे, फक्त आर्द्रता आधी खाली आणा, पडद्याच्या वर-खाली दोन बोटं फट ठेवा, आणि सकाळी सगळे उघडा.

छताबद्दल शेवटी सांगतो, कारण पैसे तिथेच जातात आणि चुकाही तिथेच होतात. काही वर्षांपूर्वी मी एका घरी गेलो होतो. त्यांनी पॉलिकार्बोनेट तसंच ठेवून खालून चंदेरी फॉइल, मग लाकडी पट्ट्या आणि शेवटी प्लास्टरबोर्ड लावून घेतला होता. पहिला हिवाळा छान गेला. दुसऱ्या हिवाळ्यात कोपऱ्यात चहाच्या डागासारखा पिवळा वर्तुळाकार डाग आला. मी बोर्डचा एक तुकडा कापून काढला. आत पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, बोटाने दाबल्या तर मऊ, आणि पॉलिकार्बोनेटच्या खाली थेंबांच्या ओळी लागल्या होत्या, एकेका पोकळ नळीखाली एकेक ओळ. खोलीतली दमट हवा दिव्यांच्या भोकांतून आणि जोडांतून वर जात होती आणि गार छतावर पाणी होऊन अडकत होती. दिसत नव्हती म्हणून कोणी पुसतही नव्हतं. ते सगळं उतरवावं लागलं. तेव्हापासून कोणी खालून थर लावण्याचं विचारलं की मी तीन गोष्टी बघितल्याशिवाय होकार देत नाही: खोलीच्या बाजूला सलग बाष्परोधक थर आणि त्याचे जोड चिकटवलेले, थर आणि पॉलिकार्बोनेट यांच्यामध्ये हवा वाहायला मोकळी पोकळी, आणि छताचा सांगाडा ते वजन पेलेल याची खात्री. यातलं एकही जमत नसेल तर जुनं पॉलिकार्बोनेट काढून चांगली छतकाच किंवा पूर्ण घन छत बसवणं बरं. घन छतासाठी आधी स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे हे नियम तपासणाऱ्यांना, विचारा, आणि काम सुरू होण्याआधी पायासाठी काय पुरावा लागेल ते लेखी घ्या.

हो, तुमच्या पॉलिकार्बोनेटच्या नळ्यांच्या आतच हिरवट शेवाळ दिसत असेल, तर तो खोलीतला घाम नाही. खालच्या टोकाला एक हवा जाऊ देणारी टेप असते, ती सुटली की पाणी आणि धूळ आत शिरते. ती टेप बदलता येते.

बुरशी साफ करताना ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही साफसफाईचं द्रव मिसळू नका, विषारी वायू होतो. हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी. रबरात आत खोल गेलेला काळा डाग जात नाही. रबर बदलावं लागतं. आणि आर्द्रता कमी करण्याआधी बुरशी घासण्यात वेळ घालवू नका, पंधरा दिवसांत ती परत येईल.

तुमच्या जागी मी असतो तर नवीन काही विकत घेण्याआधी आज रात्रीपासून दार लावलं असतं, फॅन हीटर बंद ठेवला असता, सकाळी काच पुसून फडकं बाहेर पिळलं असतं, आणि मापकाचे आकडे सकाळ-संध्याकाळ लिहिले असते. आठवडाभरात कपडे वाळत नसलेल्या दिवसांत आर्द्रता किती उतरते ते दिसेल. ती 60 च्या खाली येत असेल तर तुमचं पाणी कपड्यांचं आणि स्वयंपाकघराचं होतं, आणि एक शोषक डिह्युमिडिफायर पुरेल. दार बंद, कपडे बाहेर, खिडक्या रोज उघडल्या, तरीही 75 च्या वर राहत असेल, तर मला फरशीचा आणि बुटक्या भिंतीचा संशय आहे. तो प्लास्टिकच्या तुकड्याचा प्रयोग तेव्हा करा आणि खोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही सांगा. दोन्ही मापकांचे आठवड्याचे आकडे दिलेत तर हीटर किती वॅटचा लागेल हे मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.